बताडची भातखाचरं, आणि त्यांच्या वयाचा घोळ

मंगळवार रात्र

फिलिपिन्स म्हटलं की आपली मंडळी डायरेक्ट बोराकाय नाहीतर पालावान, म्हणजे बीच, निळंशार पाणी आणि इन्स्टा. आता तर भारतीय टुरिस्टला १४ दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, त्यामुळे ही गर्दी अजून वाढणार. माझा मावसभाऊ मनिलात नोकरीला आहे, त्याला आधीच सांगून ठेवलेलं की समुद्र नको, मला भात बघायचाय. तो म्हणाला भात बघायला एवढं विमानाचं भाडं भरून कोण येतं, तुझ्या घरी पवनमावळात काय वेगळं उगवतं? बरोबर होतं त्याचं. पण आमच्याकडे खाचर म्हणजे डोंगर संपला की खालची सपाटी आणि थोडं उतारावरचं, आणि इथे लुझोन बेटाच्या उत्तरेला इफुगाव प्रांतात लोकांनी अख्खा डोंगरच पायऱ्या पाडून खाचरात टाकलाय, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतंच.

मनिलातून बानावेला रात्रीची बस असते, नऊ-दहा तास लागतात. एक सांगून ठेवतो, स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण इथल्या बसचा एसी म्हणजे शिक्षा आहे आणि तो कमी करा म्हणून सांगायची इथे पद्धतच नाहीये, सगळे मुकाट्याने हुडी ओढून झोपतात. आधी नुएवा एसिहाचं सपाट मैदान, तिथेही भातच, पण मशीनचा आणि ट्रॅक्टरचा. मग रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि डाल्टन पास लागतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेकडच्या खोऱ्यात उतरायची ही खिंड जपान्यांनी महिनोन्महिने अडवून धरलेली, मे १९४५ मध्ये अमेरिकनांनी घेतली आणि त्यातच त्यांचा जनरल डाल्टन मारला गेला, म्हणून हे नाव. अंधारात बाहेर काही दिसत नाही, नुसते ट्रकचे दिवे. पुढे बागाबागला बस हायवे सोडते आणि चढ सुरू. लागावे हे प्रांताचं मुख्य गाव पहाटे मागे पडलं.

बुधवार

बानावेला उतरलो तर ढग रस्त्यावर आलेले आणि ट्रायसिकलवाल्यांचा गराडा. गाव म्हणून विचाराल तर बानावे काही खास नाही. दरीच्या कडेला काँक्रीटची तीन-चार मजली घरं, गंजके पत्रे, खाली बाजार. वर व्ह्यू पॉइंटला गेलो, जो फिलिपिन्सच्या २० पेसोच्या नोटेवर छापलाय तो देखावा, सगळे खिशातून नोट काढून समोर धरून फोटो काढत होते, आम्हीपण काढला, खोटं कशाला बोला.

पण गंमत अशी की नोटेवरची ही बानावेची खाचरं युनेस्कोच्या यादीतच नाहीत. १९९५ मध्ये इफुगावमधले पाच समूह यादीत गेले, बताड, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान. बानावे गावाभोवती नवीन बांधकाम एवढं झालेलं की ते बाहेर राहिलं. बताड आणि बांगाआन मात्र याच तालुक्यातली गावं, त्यामुळे बोर्डावर सगळीकडे बिनधास्त 'जागतिक वारसा' आणि 'जगातलं आठवं आश्चर्य' असं लिहिलेलं असतं. शिवाय 'सगळे बांध एकापुढे एक जोडले तर अर्ध्या पृथ्वीला वेढा पडेल' हे वाक्य तर प्रत्येक गाइडला पाठ आहे. कोणी मोजलं कुणास ठाऊक.

बताडला जायला जीपनी, म्हणजे जीपसारखी लांबट शेअर गाडी. आत जागा नसेल तर वर टपावर बसायचं, त्याला इथे कोणी हरकत घेत नाही, तांदळाची पोती, कोंबड्या, सिलेंडर आणि मधे आपण. आधी जंक्शनपर्यंत बरा रस्ता, मग तिथून खिंडीकडे चढ. या खिंडीला सगळे सॅडल म्हणतात. पूर्वी जंक्शनपासूनच पायी जावं लागायचं, आता रस्ता सॅडलच्याही थोडा पुढे गेलाय आणि त्यावरून गावात दोन तट आहेत असं जीपनीतल्या गप्पांवरून कळलं. सिमेंटची गोणी पाठीवरून आणणाऱ्याला रस्ता हवा आणि ज्याचं पोट सामान वाहण्यावर आणि गाइडगिरीवर आहे त्याला तो अजून पुढे यायला नको. दोघांचंही खरंच आहे.

रस्ता संपतो तिथून पायवाटेने खाली उतरायचं आणि एका वळणावर बताड एकदम समोर येतं. फोटोत बघून काही अंदाज येत नाही हो. समोरचा अख्खा डोंगर अर्धगोल वाकलेला, तळापासून पार वरपर्यंत खाचरांच्या ओळी, आणि तळाशी चिमूटभर घरं. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलेलो म्हणजे लावणीचे दिवस, त्यामुळे काही खाचरांत नुसतं पाणी, काहींत पोपटी रोपं, काहींत चिखल. गाव साधारण अकराशे मीटरवर आहे, हवा थंड.

राहायला होमस्टे, लाकडी खोली, पातळ गादी, आणि व्हरांड्यात बसलं की समोर सगळं खोरं. जेवणाच्या मेन्यूत भात, अंडं, चिकन आदोबो हे ठीक होतं पण मधेच 'मालावाख' दिसलं. हा मूळचा येमेनी ज्यूंचा पदार्थ, थराथरांची तव्यावर भाजलेली जाड पोळी. कधीतरी इस्रायली टुरिस्टनी इथल्या बायकांना शिकवली आणि आता बताडमध्ये बऱ्याच ठिकाणी मिळते. चांगली खुसखुशीत होती, मी दोन खाल्ल्या, भाऊ म्हणाला भात बघायला आलास आणि पोळी खातोयस.

गुरुवार

सकाळी गाइड आले. पन्नाशीचे गृहस्थ, तोंडात सुपारीचा तोबरा, पायात साध्या रबरी चपला. इकडे उत्तरेला वयाने मोठ्या माणसाला मनोंग म्हणतात म्हणून आम्हीपण मनोंग म्हणायला लागलो. ते म्हणाले, "बांधावरून चालताना दरीकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, दरी बघायची तर थांबून बघा." हे अक्षरशः पाळा, कारण बांध म्हणजे काय तर दगडी भिंतीचा वरचा काठ, वीतभर रुंद, एका बाजूला घोट्याएवढ्या चिखलपाण्याचं खाचर आणि दुसऱ्या बाजूला एक-दोन पुरुष खोल पडायची सोय.

ती भिंत मी जवळून नीट बघितली. आमच्याकडे बांध मातीचे, आणि घुशी-खेकड्यांनी पोखरले की पावसाळ्यात फुटतात, मग रात्री कंदील घेऊन बाबा जायचे. इथे बताडमध्ये भिंती दगडाच्या. नदीतला गोटा आणि डोंगरातला दगड, चुना नाही सिमेंट नाही, नुसते एकात एक बसवलेले, भिंत किंचित डोंगराकडे कललेली. दगडांच्या फटीतून पाणी सतत पाझरतं आणि ते पाझरायलाच पाहिजे, तुंबलं तर भिंत पोट काढते. आणि मधेमधे एखादा लांब दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेला असतो, असे चार-पाच तिरके एकावर एक, म्हणजे झाला जिना. मनोंग त्यावरून हात न लावता चढले. मी चारी पायांवर. वरून एक आजी डोक्यावर रोपांची जुडी घेऊन उतरत होत्या, त्यांना जागा द्यायला मी भिंतीला चिकटून उभा राहिलो तेव्हा हसल्या.

आत काय असतं म्हणून विचारलं. भिंतीमागे आधी मोठे दगड, मग खडी, मग चिकणमाती दाबून, त्यावर शेतीची काळी माती. म्हणजे आपण ज्याला शेत म्हणतोय ती खरी तर पाण्याने भरलेली टाकी आहे आणि अशा शेकडो टाक्या एकाखाली एक, वरच्याचं पाणी खालच्यात. त्यामुळे एकाने आपलं खाचर टाकून दिलं की ते त्याच्यापुरतं राहत नाही. चिखलणी झाली नाही तर जमीन वाळून तडे जातात, पुढच्या पावसात पाणी त्या तड्यांत घुसतं, भिंत बसते आणि ढिगारा खालच्या माणसाच्या रोपांवर.

आणि पाणी येतं कुठून, तर सगळ्यात वर जंगल आहे, त्याला मुयोंग म्हणतात. हे सरकारी जंगल नव्हे, प्रत्येक घराण्याचं आपापलं राखलेलं रान, त्यातून जळण, घराचं लाकूड, वेत, औषधी पाला मिळतो आणि त्याच्या मुळाशी मुरलेलं पाणी झऱ्यांनी पाटात उतरतं. मुयोंग तोडलं की पाट आटला. तिथून हे पाणी खाचरं ओलांडत नदीला, आणि इफुगावचं बहुतेक पाणी शेवटी मागात नदीला मिळतं, जिच्यावर खाली मोठं धरण आणि वीज प्रकल्प आहे. डोंगरातला माणूस पाणी राखतो आणि फायदा मैदानाला, हे ऐकून मावळातल्या माणसाने काय बोलावं, आमच्या पवनेचं पाणी पण शहरालाच जातं.

बायका लावणी करत होत्या, कमरेत वाकून, उलट्या पावली सरकत, हे सगळं अगदी घरचंच. पण बैल-रेडा कुठेच नाही. एवढ्या अरुंद पायऱ्यांवर जनावर चढवणार कसं आणि वळवणार कुठे, त्यामुळे चिखलणी माणसाच्या पायाने आणि लाकडी फावड्याने. पुरुषांकडे भिंतीचं काम. जुनं तण आणि काढणीनंतरचं काड चिखलात गाडतात किंवा खाचरातच त्याचे गोल ढीग घालून वर भाजी लावतात, तेच पुढे खत. जात तिनावोन, देशी लाल-पांढरा भात, वर्षाला एकच पीक, थंडीत लावायचं ते जून-जुलैच्या सुमारास कापायचं. मग वर्षभर घरचा भात पुरतो का? मनोंग म्हणाले, "नाही. बाजारातून खालचा तांदूळ आणतो. हा आमचा सणाला आणि पाहुण्याला." आणि मग पाण्यात बोट दाखवून गुलाबी रंगाच्या अंड्यांचे घोस दाखवले. गोल्डन कुहोल, दक्षिण अमेरिकेतली गोगलगाय, १९८०च्या दशकात देशात खायला पाळायची म्हणून आणली आणि ती भाताची कोवळी रोपं खात सुटली. आता लावणीआधी हाताने वेचतात. योजना आखणाऱ्याचं काही जात नाही, वेचणाऱ्याची कंबर जाते.

गावातली जुनी घरं आता मोजकी उरलीत. चार लाकडी खांब, खांबांना डोक्याजवळ लाकडाच्या गोल तबकड्या बसवलेल्या, म्हणजे उंदीर चढला तरी तिथे अडकतो. वर एकच खोली, चूल आतच, धुराने सगळं काळंकुळकुळीत, माळ्यावर भाताच्या पेंढ्या, आणि गवताचं उतरतं छप्पर. शिडी रात्री वर ओढून घ्यायची. ती का, तर शत्रूच्या भीतीने. इफुगावात शिरकाण, म्हणजे शत्रूचं मुंडकं कापून आणण्याची चाल अमेरिकन काळापर्यंत होती. आधी फिलिपिन्सवर राज्य करणाऱ्या स्पॅनिशांना हा डोंगर कधी धड ताब्यात घेता आला नाही, त्यांच्यानंतर आलेल्या अमेरिकनांनी १९०८ मध्ये माउंटन प्रॉव्हिन्स नावाचा प्रांत केला, त्यात इफुगाव एक भाग, आणि १९६६ मध्ये तो वेगळा प्रांत झाला. आता बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, तरी मुम्बाकी म्हणजे जुन्या देवांचा पुजारी अजून काही ठिकाणी बोलावतात, डुक्कर-कोंबडी कापून आणि तांदळाची दारू देऊन. भाताच्या कोठीवर बसवायच्या बुलुल नावाच्या लाकडी मूर्ती तर आता दुकानात सुव्हेनिअर म्हणून मिळतात, खऱ्या जुन्या कधीच परदेशी कलेक्टरांकडे गेल्या. पितरांची हाडं काही वर्षांनी उकरून, साफ करून, नव्या कांबळ्यात गुंडाळायची बोग्वा नावाची रीतही आहे. मनोंगनी ते अगदी सहज सांगितलं, "आजारपण यायला लागलं घरात, की समजायचं आजोबांना थंडी वाजतेय."

कापणीच्या वेळी बायका हुधुद गातात, एक म्हातारी पुढे म्हणते आणि बाकीच्या धरतात, आमच्याकडच्या भलरीसारखं, फक्त हे एकेक आख्यान पूर्ण म्हणायला कित्येक दिवस लागतात. दोनशेच्या वर आख्यानं आहेत. युनेस्कोने २००१ मध्ये त्यालाही मान दिला. आणि त्याच वर्षी खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकली, कारण पाव हिस्सा किंवा थोडी जास्तच पडीक पडलेली. २०१२ मध्ये त्या यादीतून काढली. पडीक का पडली त्याचं एक कारण मला मनोंगकडून कळलं ते वाटण्यांचं. आमच्याकडे भावाभावात वाटण्या होऊन गुंठा-गुंठा उरतो, इथे उलट, चांगली खाचरं सगळ्यात थोरल्या अपत्याला, मग मुलगा असो की मुलगी, आणि त्याबरोबर मुयोंग. त्यामुळे तुकडे पडत नाहीत, पण धाकट्यांना गाव सोडावंच लागतं, आणि हल्ली थोरलेही बाग्यो शहरात शिकायला जातात आणि परत येत नाहीत. मनोंग स्वतः तिसरे. जी खाचरं करतात ती बाग्योत स्थायिक झालेल्या बहिणीची.

दुपारी ताप्पिया धबधब्याला उतरलो. उतरताना मजा, चढताना गुडघे. धबधबा जोरदार, तुषार लांबवर येतात, पाणी बर्फ. एवढंच.

शुक्रवार

सकाळीच चढून जीपनी, बानावे, तिथून लागावे आणि मग कियांगान. बहुतेक लोक बताड करून परत जातात, कियांगानला कोणी येत नाही, आणि मला वाटतं इतिहासाची आवड असेल तर अर्धी ट्रिप इथेच आहे.

एक म्हणजे इथे दुसरं महायुद्ध संपलं असं म्हणायला हरकत नाही, निदान फिलिपिन्सपुरतं. 'मलायाचा वाघ' म्हणवला जाणारा जपानी जनरल यामाशिता सैन्य घेऊन याच डोंगरात मागे हटत आलेला, हुंगदुआनच्या नापुलावान डोंगराकडे शेवटचा आसरा, आणि २ सप्टेंबर १९४५ ला तो कियांगानच्या शाळेत शरण आला. सही दुसऱ्या दिवशी बाग्योला झाली. इफुगावच्या घराच्या आकाराचं भलंमोठं स्मारक आहे तिथे. यामाशिताने पुरलेल्या सोन्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास आहे, जीपनीतल्या शेजाऱ्याने मला तीन जागा सांगितल्या.

दुसरं म्हणजे वयाचा घोळ. बानावेपासून प्रत्येक बोर्डावर, टीशर्टवर लिहिलंय की खाचरं २००० वर्षं जुनी. हा आकडा आला कुठून तर ओटली बायर नावाच्या अमेरिकन माणसाकडून. तो १९०५ च्या सुमारास बानावेला शिक्षक म्हणून आला, जवळच्या आमगानादच्या मुलीशी लग्न केलं, पुढे फिलिपिन्स विद्यापीठात मानववंशशास्त्र त्यानेच सुरू केलं. एवढे डोंगर हातांनी खोदायला किती काळ लागेल असा हिशोब करून त्याने दोन ते तीन हजार वर्षं सांगितली. हिशोबच, पुरावा नाही. १९६२ मध्ये फेलिक्स कीसिंगने स्पॅनिश कागद चाळून म्हटलं की अहो, जुन्या कागदांत या खाचरांचा पत्ताच नाही, पहिला उल्लेख थेट १८०१ चा. मग स्टीफन आकाबादो या फिलिपिनो पुरातत्त्वज्ञाने खाचरांच्या मातीतल्या कोळशाचे काळ काढले आणि २०१२ पासून स्थानिक संस्थेला बरोबर घेऊन जुन्या कियांगान गावठाणात खोदकाम केलं. वस्ती जुनी निघाली, साधारण हजार वर्षांची. पण आधी लोक अळकुड्या लावून खात होते, पाण्यातला भात आला १६५० च्या आसपास. म्हणजे स्पॅनिश खाली मागातच्या खोऱ्यात सरकायला लागले तसे लोक वर सरकले, आणि वर येऊन भात करायचा ठरवला. त्याच थरांपासून चिनी भांडी, मणी आणि डुकरांची हाडंही वाढलेली दिसतात, म्हणजे व्यापार तुटलेला नव्हता, जेवणावळी तर वाढल्याच होत्या.

हे सांगितलं की इथल्या बऱ्याच जणांना आवडत नाही, आमचं वय कमी केलं असं वाटतं. ते कळतंही, कारण शाळेत, भाषणात सगळीकडे तो आकडाच अभिमान म्हणून दिलाय. पण मला विचाराल तर चारशे वर्षांची गोष्ट जास्त भारी आहे. दोन हजार वर्षं म्हटलं की कोणीतरी प्राचीन लोक हळूहळू करत बसले असं वाटतं, आणि चारशे म्हटलं की दहा-पंधरा पिढ्यांत, समोर साम्राज्य उभं असताना, या लोकांनी डोंगर पायऱ्यांत बदलला, त्याला पाणी आणलं आणि साम्राज्याला कर न देता जवळजवळ अडीचशे वर्षं काढली. आणि ती भिंत मी हात लावून बघितलीय, तिचा खालचा दगड जुना असेल पण वरचे तर मागच्या पावसाळ्यानंतर बसवलेले, मनोंगनीच दाखवले, रंग वेगळा दिसतो. ती दर वर्षी नव्याने बांधली जाते, तिचं वय काढायचं तरी कुठल्या दगडावरून? कियांगानच्या म्युझियममधल्या तरुण गाइडला मी हे बोललो, तो म्हणाला, "टुरिस्टना २००० ऐकायचं असतं सर, मी दोन्ही सांगतो."

जाणार असाल तर थोडं कामाचं. लावणी आणि पाण्याचे आरसे बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारी, हिरवंगार हवं तर एप्रिल-मे, सोनेरी हवं तर जून. जुलैनंतर वादळं आणि दरडी, रस्ता कधीही बंद. बताडला एटीएम नाही, कॅश घेऊन जा, सुट्टे घेऊन जा. गाइड गावातलाच घ्या आणि घासाघीस करू नका, फावडं धरणाऱ्या हाताला दिवसाला जेवढं मिळतं त्यापेक्षा गाइडला जास्त मिळतं हे गावात सगळ्यांना माहितीये आणि खाचरं पडीक पडायचं ते पण एक कारण आहेच, पण ते आपल्या घासाघिशीने सुटणार नाही. आणि व्हेज मंडळींनी लोणचं, चटणी, थेपले जे काय ते बरोबर ठेवा, मालावाख सोडलं तर तुमचं काही खरं नाही.